आकडा बरोबर, रकाना चुकला



मोंढ्यावर माल घालून आलेल्या माणसाच्या खिशात एक कागद असतो. त्याला आपण पट्टी म्हणतो. पोती किती, वजन किती, भाव काय लागला, हमाली-तोलाई किती गेली आणि हातात काय आलं, एवढं त्या कागदावर असतं. सेनगावच्या बाजूचा शेतकरी सोयाबीन घालतो, तूर घालतो, हळद हिंगोलीला नाहीतर वसमतला नेतो. वर्षभराच्या पट्ट्या तारेला अडकवलेल्या असतात. दिवाळीनंतर एक दिवस तो त्या खाली काढतो आणि घरातल्या शिकत्या पोराला म्हणतो, "बाळा, जरा बेरीज मार बरं याची."

आता समजा माल तीन अडतींवर गेला होता. पहिला अडत्या एका पोत्याला एक ओळ देतो. ओळीत वजन, भाव, रक्कम. दुसऱ्याची तऱ्हा उलटी. तो पोती आडवी मांडतो. एका पोत्याला एक उभा रकाना, आणि वजन, भाव, रक्कम एकाखाली एक. तिसऱ्याचं आणखी निराळं. पोती पुष्कळ असली तर तो रीतसर ओळी-रकाने आखतो; पण पोतं एकच असलं तर चिठोऱ्यावर तीन आकडे खरडून देतो, वर नाव ना गाव.

तिघांपैकी खोटं कोणीच बोललेलं नाही. प्रत्येक आकडा खरा आहे. पण पोरानं पहिली पट्टी पाहिली, पहिला रकाना वजनाचा हे मनात धरलं, आणि तिन्ही पट्ट्यांचा पहिला रकाना बेरजेला घेतला. दुसऱ्या पट्टीत त्या रकान्यात एकाच पोत्याचं वजन, भाव आणि रक्कम आहे. वजनात भाव मिळवला, भावात रक्कम मिळवली. आणि बेरीज तर आलीच! बेरीज करणाऱ्या यंत्राला किलो आणि रुपये यांतला फरक कळत नाही. ते तक्रार करत नाही, अडत नाही; मुकाट्यानं एक भलामोठा आकडा हातावर ठेवतं.

आज मला आपल्याशी बोलायचं आहे ते संगणकाच्या अशाच पट्ट्यांविषयी. विशेषतः शिक्षकमंडळींनी हे ऐकावं असं मला वाटतं. कारण आता संगणकावर आकडेमोड करणारी मुलं सेनगावसारख्या गावातूनही तयार होत आहेत, आणि त्यांना ही खोड वेळीच कळलेली बरी.

संभाव्यता हा शब्द दहावीच्या मुलांना परका नाही. नाणं उडवलं तर छापा पडण्याची संभाव्यता किती, हे गणित सगळ्यांनी केलेलं असतं. त्याच्या पुढची पायरी म्हणजे संभाव्यतेचं वितरण. एखाद्या गोष्टीचे जे जे निकाल लागू शकतात, त्यांपैकी कोणता किती वेळा लागण्याचा संभव आहे याचा तो आराखडा होय. हा आराखडा हाती असला की संगणकाला सांगता येतं, "याप्रमाणे सोडत काढ." ग्रामपंचायतीच्या आरक्षणाची चिठ्ठी लहान मुलाच्या हातून काढतात ना, तशी सोडत, फक्त संगणक ती एका क्षणात दहा हजार वेळा काढतो. मग न आलेल्या हंगामांचा अंदाज घेता येतो, बियाणं किती राखावं, धोका किती धरावा, याचा विचार करता येतो.

सोडतीचं हे शास्त्र आपल्या शेतात येऊन पुष्कळ वर्षं झाली. सातारा जिल्ह्यातल्या बुध या गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे १९४० च्या दशकात दिल्लीला कृषी संशोधन परिषदेत होते. त्यांनी आणि विनायक गोविंद पानसे यांनी पीक कापणीच्या प्रयोगाला शास्त्रीय शिस्त लावली. शेत कोणतं निवडायचं, त्यात तुकडा कुठे आखायचा, हे माणसाच्या मर्जीवर न ठेवता सोडतीनं ठरवायचं, आणि तुकड्याचं माप नेमून द्यायचं. तुकडा फार लहान घेतला तर कडेची झाडं आत धरली जातात आणि उतारा फुगतो, हे सुखात्म्यांनी १९४६ साली दाखवून दिलं. मापणारा प्रामाणिक असतो, तराजू चोख असतो, तरीही आकडा चुकतो. कारण तो ज्या चौकटीत घेतला ती चौकटच चुकली. दोघांनी मिळून शेतीकामाच्या संख्याशास्त्रावर लिहिलेला ग्रंथ १९५४ साली प्रसिद्ध झाला आणि कृषी महाविद्यालयांतून पिढ्यान्पिढ्या वाचला गेला.

आजही महसूल, कृषी आणि ग्रामविकास या खात्यांची माणसं हे प्रयोग करतात. पीक विम्यात मंडळाचं सरासरी उत्पन्न उंबरठा उत्पन्नाच्या खाली गेलं की नाही हे पाहतात, तेव्हा ते सरासरी उत्पन्न ठरवायला हे प्रयोग लागतात. तिथे प्रत्येकानं आपापल्या मर्जीचा तक्ता भरून दिला असता तर काय गोंधळ झाला असता, याची कल्पना करा. म्हणून नमुना एकच असतो. शेत एक असो की दहा असोत, रकाने तेच.

संगणकाच्या जगात मात्र ही शिस्त सगळीकडे पाळली गेलेली नाही. संख्याशास्त्राची कामं करायला 'आर' नावाची एक भाषा फार वापरतात. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोघांनी १९९० च्या दशकात ती घडवली. तिची पहिली पक्की आवृत्ती २००० साली निघाली. ती फुकट मिळते, म्हणून शाळा-महाविद्यालयांना सोयीची आहे. आणि आधी तिचा चांगला गुण सांगितला पाहिजे. बहुतेक वितरणांसाठी तिच्यात चार कामं नेमलेली आहेत आणि चारांना चार अक्षरं दिलेली आहेत. डी म्हटलं की एखाद्या ठिकाणी संभाव्यतेची दाटी किती ते कळतं. पी म्हटलं की तिथपर्यंतची एकूण संभाव्यता. क्यू म्हटलं की उलट बाजूनं, एवढी संभाव्यता कुठे पुरी होते ते. आणि आर म्हटलं की सोडत. पुढे वितरणाचं नाव जोडायचं. एक शिकलं की बाकीची आपोआप येतात. शंभर सोडती मागितल्या तर शंभर आकडे एका रांगेत मिळतात. एक मागितली तर एकच आकड्याची रांग. आणि शून्य मागितल्या तर रिकामी रांग. इथवर कारभार चोख आहे.

बिघडतं कुठे? एका सोडतीत एकच आकडा न येता जेव्हा आकड्यांचा जुडगा येतो, तिथे. उदाहरण घेऊन पाहू.

समजा एका गुरुजींना वर्गात पेरणीच्या पावसाचं गणित घ्यायचं आहे. वीस गावं धरली. दर वर्षी प्रत्येक गावाचं तीनांपैकी एक काहीतरी होणार: पाऊस वेळेवर, पाऊस उशिरा, किंवा पेरणीनंतर मोठा खंड. दहात पाच, दहात तीन आणि दहात दोन अशी संभाव्यता त्यांनी समजुतीपुरती धरली. शेजारच्या गावांचा पाऊस एकमेकांशी बांधलेला असतो ही गोष्ट खरी, पण पहिल्या धड्यात ती बाजूला ठेवली. आता संगणकाला त्यांनी तीन वर्षांची सोडत काढायला सांगितली. निकाल असा आला असं धरा. पहिल्या वर्षी वेळेवर ११ गावं, उशिरा ६, खंड ३. दुसऱ्या वर्षी ९, ५ आणि ६. तिसऱ्या वर्षी १२, ७ आणि १. प्रत्येक वर्षाची बेरीज वीस.

गुरुजींची सवय अशी की वर्षाला एक ओळ. हजेरीपत्रकात मुलाला एक ओळ असते तसं. पायथन भाषेतल्या नमपाय या संचात हीच सोडत काढली तर वर्षाला एक ओळच मिळते. पण आरमध्ये या कामाचं जे आर-मल्टिनॉम नावाचं फंक्शन आहे, ते वर्षाला एक उभा रकाना देतं. म्हणजे पहिल्या ओळीत ११, ९, १२ असे आकडे येतात. ती ओळ पहिल्या वर्षाची नव्हे. ती तिन्ही वर्षांतल्या 'वेळेवर' गावांची आहे. गुरुजींनी मात्र वाचलं असं: पहिल्या वर्षी ११ गावांत वेळेवर, ९ गावांत उशिरा आणि १२ गावांत खंड. खरा खंड होता तीन गावांत!

पुढे त्यांनी खंड पडणाऱ्या गावांची सरासरी काढली. खरी सरासरी ३, ६ आणि १ यांची, म्हणजे दहा भागिले तीन, साडेतीनच्या आतच. त्यांनी तिसरा उभा रकाना घेतला; त्यात १२, ७ आणि १. वीस भागिले तीन, साडेसहाच्या वर. अगदी दुप्पट. या हिशेबावर दुबार पेरणीचं बियाणं राखायचं ठरलं असतं तर दुपटीनं पैसे अडकून पडले असते. आणि आकडे उलट्या बाजूनं पडले असते तर गरजेच्या निम्मंच बियाणं राखलं गेलं असतं, आणि जुलैच्या खंडात माणसं कृषी केंद्राच्या दारात उभी राहिली असती.

यातली खरी मेख ध्यानात घ्या. तीन वर्षं आणि तीन प्रकार, म्हणून तक्ता चौरस झाला. तीन ओळी, तीन रकाने. उभं आडवं झालं तरी कुठे अडलं नाही. सगळ्या तक्त्याची बेरीज करून पाहिली असती तरी साठच आली असती. उभी करा की आडवी करा, ती साठच. पाच वर्षांची सोडत काढली असती तर तीन ओळी आणि पाच रकाने दिसले असते, आणि गुरुजी लगेच म्हणाले असते, "अरे, हे काहीतरी वेगळं आहे." जी चूक ओरडून सांगते ती बरी, मुकी चूक घात करते.

आता दुसरी तऱ्हा. सोयाबीन, तूर आणि कापूस यांचा एकरी उतारा एकमेकांशी जोडलेला असतो. वर्ष बरं गेलं तर बहुधा तिन्हींना बरं. असे तीन आकडे एकदम सोडतीनं काढायला आरसाठी मास नावाचा एक संच आहे, आणि त्यात एम-व्ही-आर-नॉर्म नावाचं फंक्शन आहे. त्याला शंभर वर्षं मागितली तर शंभर ओळी आणि तीन रकाने मिळतात; वर्षाला एक ओळ. म्हणजे आधीच्या आर-मल्टिनॉमच्या नेमकं उलट. पण एकच वर्ष मागितलं तर? एक ओळ आणि तीन रकाने यावेत की नाही? तसं होत नाही. नुसते तीन आकडे रांगेत येतात. ओळही नाही आणि रकानाही नाही. तिसऱ्या अडत्याचं चिठोरंच ते! "पहिली ओळ दे" असं पुढच्या कार्यक्रमात लिहिलेलं असलं तर तो तिथे बंद पडतो. गंमत अशी की हेच काम करणारं दुसरं एक फंक्शन एम-व्ही-टी-नॉर्म या वेगळ्या संचात आहे. ते एका वर्षालाही एक ओळ, तीन रकाने असंच देतं. काम एक, गणित एक, आणि कागद दोन तऱ्हांचे.

आणखीही आहेत, पण त्यांचा नुसता उल्लेख करतो. विशार्टच्या वितरणाची सोडत काढली तर तक्त्यावर तक्ते रचून तीन बाजूंचा ठोकळा मिळतो. ओळी आणि रकाने यांच्या बेरजा नेमून देऊन तक्ते मागितले तर ठोकळा न येता सुट्या तक्त्यांची यादी मिळते. जो पहिल्यांदा वापरतो त्याला हे आधीच कळणार कसं?

आपण म्हणाल, एवढ्या हुशार माणसांनी असं का करून ठेवलं? याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे ही फंक्शनं एका माणसानं एका बैठकीत लिहिलेली नाहीत. आर ज्या एस भाषेच्या वळणावर घडली ती १९७६ च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत सुरू झाली. तेव्हापासून कितीतरी लोकांनी आपापल्या गरजेपुरती भर घातली. आरमध्ये तक्ता साठवला जातो तो रकान्यामागून रकाना असा. तेव्हा एकेक सोडत एकेका रकान्यात टाकणं यंत्राच्या सोयीचं. ज्याच्या डोळ्यापुढे शेतकऱ्याची किंवा रुग्णांची यादी होती, त्याला माणसाला एक ओळ सोयीची वाटली. आणि समोर बसून एकच उत्तर मागणाऱ्याला तक्ता कशाला, नुसते आकडे द्यावेत, असंही कोणाला वाटलं. प्रत्येकाची सोय खरी होती. पण प्रत्येकाच्या सोयीचा रस्ता काढला की गावाला रस्ता उरत नाही.

दुसरं कारण वहिवाटीचं. शेतातून पायवाट पडली, माणसं वीस-पंचवीस वर्षं तिच्यावरून गेली, की ती वाकडी आहे म्हणून नांगरून टाकता येत नाही. गाव उभं राहतं. तसंच इथे. हजारो जुने कार्यक्रम या फंक्शनांच्या आजच्या मांडणीवर विसंबून चालले आहेत. उद्या कोणी आर-मल्टिनॉमचं उभ्याचं आडवं करून टाकलं तर चुकणारे सुधारतील, पण आज बरोबर चालणारे सगळे एका रात्रीत चुकू लागतील. म्हणून सांभाळणारी मंडळी हात लावायला धजत नाहीत, आणि त्यांना दोष देता येत नाही. सावध राहायचं काम आपल्याकडेच येतं.

तर मग करायचं काय? चार गोष्टी सांगतो. त्या वर्गात शिकवता येतील.

पहिली गोष्ट. उत्तर आलं की आकडा पाहण्याआधी कागद पाहावा. ओळी किती, रकाने किती, हे संगणकाला एका शब्दात विचारता येतं. आणि रकान्यांना नावं द्यावीत. "तिसरा रकाना" असं म्हणण्याऐवजी "खंड" असं म्हटलं, की उभ्या-आडव्याचा गोंधळ लपून राहत नाही.

दुसरी गोष्ट. दरवाजा एकच ठेवावा. कोणतीही सोडत थेट न घेता आपण स्वतः एक छोटं फंक्शन लिहावं आणि सगळं त्यातून आत घ्यावं. त्याचं काम एकच: जे येईल ते वर्षाला एक ओळ अशा नमुन्यात बसवून पुढे द्यायचं. उभं आलं तर आडवं करायचं. नुसते आकडे आले तर त्यांची एक ओळ करायची. तक्त्यातली एकच ओळ उचलली की आर तिचा तक्तेपणा काढून घेतं. तो काढू नकोस, असंही त्याला बजावून सांगता येतं. तसं सांगावं.

तिसरी गोष्ट. आपला कार्यक्रम एकदा एका वर्षावर, एकदा शून्य वर्षांवर, आणि एकदा ओळी व रकाने असमान असतील अशा तक्त्यावर चालवून पाहावा. शून्याचं महत्त्व शिक्षकांना सांगायला नको. पंचायत समितीला जाणाऱ्या माहितीत काही नसलं तर आपण कागद कोरा पाठवत नाही आणि पाठवायचाही टाळत नाही. नमुना तोच ठेवून रकान्यात "निरंक" लिहितो. निरंक हीसुद्धा माहिती आहे. एकाच मुलाचा पट असलेल्या शाळेतही हजेरीपत्रकाला सगळे रकाने असतातच. चांगल्या फंक्शननं हेच करावं: पुष्कळ असो, एक असो की निरंक असो, नमुना मोडू नये.

चौथी गोष्ट सगळ्यांत जुनी, म्हणजे ताळा. गुणाकार केला की ताळा पाहायचा, हे जुन्या शाळामास्तरांनी पोरांच्या अंगवळणी पाडलं होतं. इथेही पाहावा, पण योग्य जागी. सगळ्या तक्त्याची बेरीज साठ आली म्हणून समाधान मानू नये. प्रत्येक वर्षाची बेरीज वीस आली का ते पाहावं. गुरुजींच्या पहिल्या ओळीत ११, ९ आणि १२ होते. त्यांची बेरीज बत्तीस. गावं तर वीसच! एवढी एक बेरीज केली असती तर चूक जागच्या जागी सापडली असती. तिला संगणकही लागत नाही.

श्रोतेहो, आपल्याकडे हिशेब चुकला की पहिला संशय माणसाच्या दानतीवर जातो, नाहीतर त्याच्या अकलेवर. कधी कधी दानतही बरी असते आणि अक्कलही. फक्त देणाऱ्यानं उभं लिहिलेलं असतं आणि घेणाऱ्यानं आडवं वाचलेलं असतं. यंत्र जितकं वेगानं चालतं तितकी ही चूक लांबवर जाते. तेव्हा उद्या एखादा विद्यार्थी संगणकाचं उत्तर घेऊन आपल्यापुढे आला तर त्याला आकडा विचारण्याआधी एवढंच विचारा, "बाळा, यातली ओळ कशाची आणि रकाना कशाचा?" त्याला सांगता आलं तर पुढचं ऐका. नाही सांगता आलं, तर त्याच्या शेजारी बसा आणि दोघं मिळून पहिल्या ओळीची बेरीज करा.